पाव्हण्याचे डाव

पुस्तकातला पहिलाच डाव मध्येच अडकला. पांढऱ्याच्या खेळ्या व्यवस्थित होत होत्या, काळ्याचा वजीर मात्र पुस्तकाने सांगितलेल्या घरी पोहोचेचना. मी खेळ्या पुन्हा वाचल्या, तिसऱ्यांदा वाचल्या. दादा समोर मांडी घालून बसले होते. ते म्हणाले, "छापणाऱ्यानं चूक केली आसंल. सोड."

दादा म्हणजे माझे सासरे. घरातले सगळेच त्यांना दादा म्हणायचे, लग्न होऊन वारूळवाडीला आल्यावर मीही म्हणू लागले. त्यांची बागायत होती, आणि दुपारी उन्हं उतरेपर्यंत ओट्यावर त्यांचा बुद्धिबळाचा पट मांडलेला असे. समोर ठरलेला गडी : वायरमन म्हणून निवृत्त झालेले शेजारचे काका. दोघं खेळत कमी, भांडत जास्त. माहेरी वडिलांनी मला थोडं बुद्धिबळ शिकवलं होतं. ते दादांना कळलं तेव्हा त्यांनी एकदा सहज विचारलं, "येती का एक हात?" मी हरले, पण लवकर हरले नाही. त्यानंतर स्वयंपाक आवरला की एक डाव, असा नेम पडला.

पुस्तक ह्यांनी पुण्याहून आणलं होतं. जुन्या पुस्तकांच्या दुकानात मिळालेलं, कडा पिवळ्या पडलेलं, इंग्रजी. एका परदेशी ग्रँडमास्टरचे निवडक डाव, प्रत्येक खेळीखाली दोन-चार ओळींचं स्पष्टीकरण. मला ते हवं होतं त्याला कारण होतं. तेव्हा, नव्वदच्या दशकाच्या शेवटी, मी जुन्नरला तालुक्याच्या कार्यालयात लिपिक होते. जुन्नर आणि आंबेगाव या दोन्ही तालुक्यांतल्या कर्मचाऱ्यांच्या मिळून दरवर्षी क्रीडास्पर्धा व्हायच्या. बायकांची नावं न विचारता रांगोळीत आणि लिंबू-चमच्यात जायची. स्पर्धकांची यादी टाइप करायचं काम माझ्याकडेच होतं, त्यामुळे मला ते दरवर्षी दिसायचं. बुद्धिबळात पहिला येणारा पुण्याला जिल्ह्याच्या स्पर्धेला जायचा. मला पुण्याला जायचं होतं. रांगोळी मला येत नाही, लिंबू माझ्या चमच्यात टिकत नाही. बुद्धिबळ थोडंफार येतं. म्हणजे तेच नीट शिकायला हवं, असा माझा सरळ हिशेब होता.

तर तो अडकलेला डाव. मी पुस्तकातली आकृती आणि आमचा पट शेजारी ठेवून एकेक सोंगटी ताडून पाहिली आणि चूक सापडली. आमच्याकडे जो तो आपला राजा आपल्या उजव्या हाताला मांडतो. मग राजासमोर समोरच्याचा वजीर येतो. पुस्तकात राजासमोर राजा होता. म्हणजे काळ्याचे राजा आणि वजीर आम्ही उलटे मांडले होते.

दादांना ते पटेना. "राजासमोर राजा? सुरुवातीपास्नंच भावकी समोरासमोर बसवायची?"

"दादा, जगभर असंच मांडतात."

"जगाचं जग बघंल. आपल्या वट्यावर ही पद्धत न्हाई."

त्यांच्या ओट्यावरच्या पद्धती बऱ्याच होत्या. प्यादं पहिल्यांदा चाललं तरी एकच घर. राजाला डावात एकदा घोड्यासारखी अडीच घरं उडी, मात्र त्याआधी शह लागलेला नसावा. प्यादं पलीकडे पोहोचलं की ज्या सोंगटीच्या घरात पोहोचेल तीच सोंगटी व्हायचं. पुस्तकात यातलं काहीच नव्हतं. तिथे किल्लेकोट होता, म्हणजे एकाच खेळीत राजा दोन घरं हत्तीकडे आणि हत्ती राजाच्या पलीकडे; आणि तो दोन शून्यं काढून लिहिलेला. मी पहिल्यांदा वाचून दाखवला तेव्हा दादा म्हणाले, "शून्य-शून्य म्हंजे काय? दोघांनी खेळीच केली न्हाई?"

शेवटी तडजोड ठरली. आधी पुस्तकातला एक डाव, पुस्तकाच्या नियमाने. मग आमचा एक डाव, ओट्याच्या नियमाने. मी पट्टीने पटाच्या कडेला अक्षरं आणि आकडे लिहून घेतले, म्हणजे वाचताना अडायला नको. पटावर पेन चालवलेलं पाहून दादा दोन दिवस माझ्याशी मोजकंच बोलले.

सुरुवातीला मी चूक केली ती ओपनिंग, म्हणजे डाव उघडण्याच्या ठरीव खेळ्या, पाठ करण्याची. कार्यालयातल्या परिपत्रकांसारखी मी ती पाठ करत होते. बसमध्ये डोळे मिटून म्हणत होते. नारायणगाव ते जुन्नर एवढ्या रस्त्यात दोन ओपनिंग सहज म्हणून व्हायच्या. घरी दादा चौथ्या खेळीलाच काहीतरी वेगळं खेळायचे आणि माझं पाठांतर संपायचं. "पुढचं आठवतंय का?" ते विचारायचे. "का मी आधी चुकलो?"

मग मी पद्धत बदलली. पुढची खेळी पोस्टकार्डाने झाकायची. ग्रँडमास्टरने काय खेळलं असेल ते आधी दादांनी सांगायचं, मग मी, आणि मग कार्ड खाली सरकवायचं. ज्याचं चुकेल त्याने का चुकलं ते बोलायचं. हे फार कामाचं निघालं. दादांना इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं, पण अंदाज बरोबर आला की त्यांचा चेहरा उजळायचा. "आमचं आन पावण्याचं जमतंय बरं का." तेव्हापासून ग्रँडमास्टरचं नाव पावणं पडलं. संध्याकाळी हातपाय धुऊन आले की विचारायचे, "आज पावणं काय म्हणतंय?" सासूबाई एकदा आतून म्हणाल्या, "पावण्याला जेवायला वाढू का?"

पाव्हण्याचं एक दादांना फार आवडलं. काळ्या सोंगट्या घेतल्या की तो बहुतेक वेळा राजासमोरचं प्यादं एकच घर पुढे सारायचा. फ्रेंच बचाव म्हणतात त्याला. दादांनी कार्ड स्वतःच्या हाताने पुन्हा सरकवून पाहिलं. "एकच घर! ह्यो आपल्यातला दिसतोय." मग काळ्याकडून मी हेच खेळायचं, असं त्यांनीच ठरवून टाकलं.

या बचावात एक अडचण असते. त्या एक घर सरकलेल्या प्याद्यामागे पांढऱ्या घरांवरचा उंट कोंडून राहतो. दादांच्या ते पहिल्या दिवशी लक्षात आलं. "ह्ये जनावर दावणीलाच हाय. याला कवा सोडायचं?" पुढचे कितीतरी डाव आम्ही एवढंच बघत होतो, की पाव्हणं तो उंट कधी सोडतंय. कधी तो त्याला बाजूने फिरवून बाहेर काढायचा, कधी समोरच्याच्या चांगल्या उंटाशी त्याची मारामारी करून मोकळा व्हायचा. मला डावपेच म्हणजे काय ते तिथे कळलं. कोणती सोंगटी कामाशिवाय बसली आहे ते पाहायचं आणि तिला काम द्यायचं. कार्यालयात मी तेच बघत होते, फक्त तिथे कामाशिवाय बसलेल्यांना मी काही सांगू शकत नव्हते.

एका डावावर मात्र आमचं भांडण झालं. त्यात पाव्हण्याने किल्लेकोट केलाच नाही. समोरच्याचा वजीर त्याच्या राजाच्या बाजूला येऊन उभा राहिला होता. आम्ही दोघांनी दोन वेगळ्या खेळ्या सांगितल्या, कार्ड सरकवलं, तर पाव्हण्याने राजा एक घर बाजूला सरकवला होता. बस, एवढंच. पुढे कोपऱ्यातल्या हत्तीसमोरचं प्यादं त्या वजिराच्या अंगावर सोडलं, वजीर मागे गेला, आणि राजा आणखी एक घर चालला.

"ह्यो राजा हाय का टपालवाला?" दादा वैतागले. "अंगावर वजीर आलाय आन ह्यो निघालाय पायी. उडी मारायची की सरळ!"

"उडी नसते त्यांच्यात."

"म्हनूनच पायी चाललाय बिचारा."

मी तो डाव पुन्हा मांडला, दुसऱ्या दिवशीही मांडला. खाली स्पष्टीकरण होतं ते मी त्यांना माझ्या भाषेत सांगितलं : घाई समोरच्याला आहे, आपल्याला नाही. मधली प्यादी एकमेकांना भिडून अडकलेली आहेत, मधला रस्ता बंद आहे, तोवर राजाला चालायला वेळ आहे. आणि हत्ती कोपऱ्यात राहिला तरी त्याच्या पुढचं प्यादं निघाल्यामुळे तो उभा रस्ता त्याचाच. दादा ऐकून घेत होते, पण पटलं नव्हतं. त्या दिवशीच्या ओट्याच्या डावात त्यांनी मुद्दाम राजाची उडी मारून मला हरवलं. घोड्यापुढचं प्यादं एक घर पुढे, आणि त्या रिकाम्या घरात राजा टुणकन. ही त्यांची आवडती मांडणी. मीसुद्धा ओट्यावर तीच खेळायला लागले होते.

त्या वर्षी नावं नोंदवायची वेळ आली तेव्हा क्रीडास्पर्धेचं काम बघणारे आमचे मोठे बाबू म्हणाले, "बाई, तुमचं नाव रांगोळीला टाकलंय."

"खोडा. बुद्धिबळाला टाका."

"बुद्धिबळात बायकांचा गट नाही."

"मग जो गट आहे त्यात टाका."

"घोडेगावचे साहेब असतात हं त्यात. दरवर्षी तेच जिंकतात."

"यादी मीच टाइप करणार आहे," मी म्हटलं. "तुम्ही फक्त सही करा."

स्पर्धेच्या दिवशी दादा माझ्या आधी तयार होऊन बसले होते. पांढरी टोपी, इस्त्रीचा सदरा. "जुन्नरला दवाखान्यात जायचंय," म्हणाले. कोणत्या दवाखान्यात, ते मी विचारलं नाही. बसमधून उतरल्यावर ते शाळेच्या हॉलपर्यंत माझ्याबरोबर आले आणि मागच्या बाकावर बसले.

सकाळचे डाव चांगले झाले. एका ठिकाणी मी बरोबरी स्वीकारली, बाकीचे जिंकले. समोरच्या दोघातिघांनी "वहिनी, आधी तुम्ही" म्हणून खेळायला सुरुवात केली आणि अर्ध्यातच तोंडं बारीक केली. शेवटच्या फेरीत समोर घोडेगावचे साहेब आले. त्यांचे सगळे डाव जिंकलेले. म्हणजे त्यांना बरोबरी पुरत होती, मला पुण्याला जायचं तर जिंकायलाच हवं होतं. काळ्या सोंगट्या माझ्याकडे.

मी फ्रेंच बचाव खेळले. साहेबही वाचलेले होते. सगळं जवळजवळ पाव्हण्याच्या त्या डावासारखंच घडत गेलं : मधली प्यादी भिडली, माझा एक उंट त्यांच्या घोड्याबरोबर गेला, आणि मग त्यांचा वजीर माझ्या राजाच्या बाजूला येऊन उभा राहिला. घोड्यापुढच्या माझ्या प्याद्यावर त्याची नजर. मी ते प्यादं एक घर पुढे घेतलं. त्यांनी घोडा बाहेर काढला. आणि मी काहीही विचार न करता राजा उचलला आणि घोड्यासारखा अडीच घरं उडवून त्या रिकाम्या घरात नेऊन ठेवला. हाताने आपोआप केलं ते. रोज संध्याकाळी करायचा तो हात.

साहेबांनी आधी पटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मॅडम, हा राजा आहे. घोडा शेजारी आहे."

आजूबाजूचे हसले. कोणीतरी मागून म्हणालं, "देशी डाव दिसतोय!" पंच म्हणून आलेले एका शाळेतले क्रीडाशिक्षक उठून आले. त्यांनी नियम सांगितला, तो मलाही माहीत होता. खेळी चुकीची, राजा जागेवर ठेवा. पण हात राजाला लागला आहे, तेव्हा राजाच चालला पाहिजे. आणि राजा एकदा चालला की किल्लेकोट गेला.

मी मागे पाहिलं. दादा उठले होते. टोपी हातात घेऊन ते दाराबाहेर गेले.

घड्याळ चालू होतं. मी खाली पाहिलं. मग मी जे रोज करायचे तेच केलं. मनातल्या मनात पोस्टकार्ड ठेवलं. पाव्हणं इथे काय खेळलं असतं? आणि लक्षात आलं की हे तर त्याने खेळलेलंच आहे. मधला रस्ता बंद आहे. राजाला वेळ आहे. मी राजा एक घर डावीकडे सरकवला.

साहेब निवांत झाले. त्यांना वाटलं, आता फक्त उरकायचं आहे. त्यांनी भराभर सोंगट्या माझ्या राजाच्या दिशेने आणायला घेतल्या. मी हत्तीपुढचं प्यादं दोन घरं सोडलं, थेट वजिराच्या अंगावर. वजीर मागे सरला. त्यांच्या उंटाने शह दिला, राजा आणखी एक घर चालला. कोपऱ्यातला हत्ती तिथेच राहिला, पण त्याच्यासमोरचा रस्ता त्यानेच धरून ठेवला, आणि त्या बाजूने साहेबांना काही आत येता येईना. मग माझ्या लक्षात आलं की त्यांच्या साऱ्या सोंगट्या एकाच बाजूला गोळा झाल्या आहेत आणि दुसऱ्या बाजूची प्यादी राखायला घरी कोणी नाही. माझा वजीर तिकडे निघाला. एक प्यादं गेलं, दुसरं गेलं. साहेबांनी बरोबरी विचारली.

"नको," मी म्हटलं. "खेळू या."

ते आता मॅडम म्हणत नव्हते. वजिराला वजीर गेला. माझं एक प्यादं मोकळं होऊन पुढे चाललं आणि त्यांचा राजा त्याच्यामागे धावायला लागला. प्यादं पोहोचलं. मी शेजारून वजीर उचलून ठेवला, तेव्हा साहेबांनी हात पुढे केला. मनापासून केला, हे सांगायला हवं. "राजा छान चालवलात," म्हणाले.

पंचांनी डाव लिहिलेल्या माझ्या कागदावर सही केली. मोठे बाबू तिथे होतेच. पुण्याच्या यादीत नाव कसं लिहायचं, आडनाव आधी की नंतर, ते विचारत होते. मी म्हटलं, "मी टाइप करीन," आणि बाहेर पळाले.

दादा शाळेच्या फाटकासमोर चहाच्या टपरीवर बसले होते. चहा समोर तसाच. मला पाहिल्यावर म्हणाले, "चल. पाचची गाडी मिळंल."

"दादा..."

"माझ्यामुळं झालं. ती उडी माझी. तुला नवं शिकायचं व्हतं आन मी रोज जुनं खेळवत बसलो." ते माझ्याकडे बघत नव्हते. "मला तिथं बसवंना."

"दादा, मी जिंकले."

"आं?"

"जिंकले. पुण्याला जायचंय."

"आन राजा?"

"पायी नेला."

दादांनी समोरचा चहा बाजूला सारला. मग टपरीवाल्याला म्हणाले, "राव, ह्यो च्या गार झाला. दोन गरम दे. आमची सून हाय ही. साहेबाला हरवून आलीय." टपरीवाल्याने कौतुकाने मान हलवली आणि कोणता साहेब ते विचारलं. दादांना माहीत नव्हतं. "लई मोठा," म्हणाले. बसमध्ये त्यांनी कंडक्टरला सांगितलं. नारायणगावला उतरल्यावर मंडईत टोमॅटो उतरवून परत येणाऱ्या ओळखीच्या टेम्पोवाल्याला थांबवून सांगितलं. प्रत्येक वेळी साहेब थोडे थोडे मोठे होत गेले. घरी पोहोचेपर्यंत ते जिल्ह्याचे झाले होते.

पुढे पुण्याला मी गेले. दुसऱ्या फेरीपुढे टिकले नाही. तिथे लहानपणापासून शिकलेले खेळाडू होते. पण जाताना बसमध्ये मी एकदाही ओपनिंग म्हटली नाही, आणि पुढची कित्येक वर्षं बुद्धिबळाच्या यादीत माझं नाव टाका, असं मला कोणाला सांगावं लागलं नाही. तिसऱ्या वर्षी मंचर आणि घोडेगावच्या कार्यालयांतल्या आणखी दोघीजणी त्या यादीत आल्या. त्यांची नावं मी आनंदाने टाइप केली.

मला जास्त आठवते ती मात्र स्पर्धेच्या दिवसाचीच संध्याकाळ. हातपाय धुऊन मी नेहमीप्रमाणे पुस्तक घेऊन ओट्यावर आले. वायरमनकाकाही आलेले होते. दादांनी पट आधीच मांडला होता. काळ्याचा राजा पांढऱ्याच्या राजासमोर.

काका म्हणाले, "भाऊ, ह्ये उलटं झालंय."

"बराबर हाय," दादा म्हणाले. मग माझ्या हातातलं पुस्तक घेऊन त्यांनी बाजूला ठेवलं. "त्ये ऱ्हाऊ दे आज. तुझा तो सहीचा कागद काढ. आज पावणं घरचंच हाय."

मी कागद काढला. दादांनी त्यावर पोस्टकार्ड ठेवलं, पहिली खेळी झाकली आणि काकांना म्हणाले, "बोल. काळ्यानं काय केलं आसंल?"

"मला काय म्हाईत?"

"राजासमोरचं प्यादं. एकच घर." आणि मला म्हणाले, "वाच पुढं. सावकाश वाच, गडबड करू नको."

मी सावकाश वाचलं. उडीच्या जागी आलो तेव्हा दादांनी स्वतः राजा उचलला, हवेत धरला, आणि एकच घर बाजूला ठेवला. शेवटी प्यादं उंटाच्या घरात पोहोचलं आणि मी वजीर ठेवला, तसे काका चमकले. "उंटाच्या घरात वजीर? ह्यो कुठला नियम?"

"जगाचा," दादा म्हणाले. "पुन्यांदा मांडतो. नीट बघ."